काढलेल्या नळीतले बुडबुडे

“यांना मारायची वेळ आलीच, तर तुझ्या हातानं मार. परक्यांच्या हाती देऊ नकोस,” टाकीतल्या जिवाणूंकडे बोट दाखवत प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणाल्या होत्या. त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या तिनं शब्द दिला होता.

बाई वारल्या त्याला महिना होत आला. त्यांनी घडवलेले जिवाणू काचेच्या टाकीत अजून कार्बन डायऑक्साइड खात होते, आणि त्यातून प्लास्टिकचा कच्चा माल बनवत होते. पण संस्थेनं काम गुंडाळलं. टाकी रिकामी करायला उद्या बाहेरची माणसं येणार होती, म्हणून आज सकाळीच तिनं वायूची नळी काढून ठेवली.

दुपारी पाहते तो काय, टाकीत बुडबुडे येतच होते.

“उपाशीपोटी गॅस झालाय बिचाऱ्यांना,” शेजारच्या टेबलावरचा सहकारी हसला.

सिलिंडर बंद होता. काढलेली नळी तर बाजूलाच पडली होती. मग तिचं लक्ष लयीकडे गेलं. दोन तुटक, एक लांबलचक, मग जराशी उसंत. जिना चढून आल्यावर दाराला टेकून उभ्या राहिलेल्या बाईंना अशीच धाप लागायची.

“तुम्हाला काही ओळखीचं वाटतंय का हो?”

सहकाऱ्यानं कान दिला. त्याचं हसू मावळलं. तो उठून बाहेर गेला.

भास असेल. आणि नसला तर? मारायचं कुणाला, नि शब्द पाळायचा कुणाचा? तिला काही उमगेना. मनातल्या मनात देवाचं नाव घेऊन तिनं जिवाणू मारण्यासाठी टाकी तापवायच्या बटणाकडे हात नेला.

बुडबुडे थांबले. कुणी श्वास रोखून धरावा तसे.

“बाई, मीच आहे,” ती हळूच म्हणाली, आणि तिनं बटण दाबलं.