उलटं गाऱ्हाणं

"तिचा नाव येवक नको, असा गाऱ्हाणा घाला," निलेश म्हणाला.

दाजींनी नारळ हातात घेतला होता, तो तसाच राहिला. देवळात दोघंच होते. गुरव जेवायला गेलेला, बाहेर आषाढाचा पाऊस कौलं बडवत होता.

गावाच्या वतीनं देवापुढे गाऱ्हाणी घालण्यात दाजींचा उभा जन्म गेला होता. नोकरीचं, लग्नाचं, हरवलेल्या म्हशीचं, एकदा तर पोरांच्या हट्टापायी क्रिकेटच्या फायनलचं. देवाकडे मागायला लाजायचं नाही, हे त्यांचं मत. पण असलं उलटं मागणं घेऊन आजवर कोणी आलं नव्हतं.

"खुळावलंस काय रे? सकाळीच तुझ्या बायलेन, रश्मीन माका सांगितल्यान, आज संध्याकाळी शेवटची यादी लागतली म्हणान. पुण्याचा सरकारी कॉलेज. संचिताचा नाव येवचा म्हणान तू गाऱ्हाणा घालूक येतलंस."

"घराकडे तसाच सांगून इलंय."

"मगे? मुलींक फी माफ आसा म्हणतत मां?"

"फी माफ आसा, दाजी. जेवान माफ नाय. खोली माफ नाय. हॉस्टेल पयल्या यादीवाल्यांनीच भरला. भायर ऱ्हवाचा तर म्हयन्याक धा हजार." निलेश खाली बघत होता. "माड शेवाळले. पावसात माका कोण चढवता?"

निलेश गावातला पाडेली, लोकांचे माड चढून नारळ उतरवणारा. उंच शेंड्यावर वाऱ्यात डुलताना न डगमगणारा माणूस, पण गेले दोन महिने स्वतःच्या मुलीसमोर उभं राहायचं टाळत होता. माडावरून तो खालच्या प्रत्येकाला ओरडून सांगायचा, माझं चेडू इंजिनिअर होणार! गावही कौतुकानं हसायचं. बिचाऱ्यानं गावभर शब्द देऊन ठेवला, आणि आता तो गिळताही येईना नि थुंकताही येईना.

"मगे तिका तसा सांग. शाणी आसा ती. समाजतली."

"समाजतली, तोच घोटाळो. 'ऱ्हवांदे, बाबा' म्हणतली आणि हसतली." निलेशचा आवाज फाटला. "धावीत मीच सांगितलंय, तू मार्क हाड, फुडचा माझ्यार. तिना हाडल्यान. आता मी नाय म्हणू तर खंयच्या तोंडान? देवान नाय म्हटल्यान तर ती देवार रागावतली. नशिबाक गाळी घालतली. बापाक नाय."

दाजींना राग आला. निलेशचा नव्हे, कोणाचा, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. फी माफ करणाऱ्यांना काय वाटलं, पोर पुण्यात वारा खाऊन शिकेल? त्यांनी नारळ देवापुढे ठेवला.

"विडो खंय?"

"गडबडीत घराकडे ऱ्हवलो."

विड्याशिवाय गाऱ्हाणं घालू नये. पण आज नियम सांगायला दाजींची जीभ उचलेना. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! आज जो काय ह्यो निलेश तुझ्या पायाकडे येवन उभो ऱ्हवलो आसा..."

"व्हय म्हाराजा," निलेश पुटपुटला.

"तेच्या मनात जा काय दुख्ख आसा, ता तुका ठावक आसा..."

"व्हय म्हाराजा."

"तर म्हाराजा, तेच्या चेडवाचा, संचिताचा नाव त्या यादीत..." दाजी अडखळले. "...येवक दिव नको रे म्हाराजा!"

होकार आला नाही. एरवी जत्रेला सगळं गाव एका दमात 'व्हय म्हाराजा' म्हणतं आणि देऊळ दणाणून जातं. त्या होकाराशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. इथे नुसता पाऊस वाजत होता. निलेशचे ओठ हलले, आवाज काही निघेना.

"व्हय म्हण रे," दाजी हळूच म्हणाले. "तूच सांगितलंस मां?"

निलेश रडत होता. लहान पोरासारखा, नाक ओढत.

मागून लादीवर ओल्या पायांचा आवाज आला. संचिता होती. तिची छत्री दारातल्या खांबाला टेकलेली होती आणि छत्रीखाली पाण्याचं तळं साचून उंबऱ्याकडे वाहत होतं. एवढं पाणी काही क्षणात साचत नाही. दाजींनी ते पाहिलं आणि मान खाली घातली.

तिनं ओढणीखाली सुका राखलेला विडा काढला आणि नारळाशेजारी नीट ठेवला.

"आईन धाडल्यान," ती म्हणाली. "विडो नसलो तर गाऱ्हाणा पोचणा नाय म्हणान."

मग ती बापाच्या बाजूला येऊन उभी राहिली. त्याच्याकडे तिनं पाहिलं नाही. हात जोडले, डोळे मिटले, आणि सगळ्या गावाचा होकार एकटीनंच द्यायचा असल्यासारखी मोठ्यानं म्हणाली,

"व्हय म्हाराजा."