ओळ न् ओळ आमची

"या सॉफ्टवेअरची ओळ न् ओळ कोल्हापूरच्या मातीत उगवली आहे!" सॉफ्टवेअर विकायला आलेल्या अभिरामसाहेबांनी हुपरीच्या चांदीवाल्यांच्या संघाला भर सभेत ठणकावून सांगितलं. टाळ्या थांबल्या तसा संघाचे कॉम्प्युटर सांभाळणारा धम्मपाल उठला.

"पावणं, याचा मूळ कोड जगाला फुकट हाय. लायसनची अट एवढीच, की विकणाऱ्यानं आपण केलेले बदल गिऱ्हाइकाला उघडून द्यायचे. तेवढं दाखवा, ऑर्डर तुमची."

साहेब घाम पुसत आपल्या प्रोग्रामर श्रुतीच्या कानाशी लागले. "काय काय बदललंय गं आपण?"

"एकच, साहेब. लिहिणाऱ्याचं नाव काढून तुमचा फोटो लावलाय."

साहेबांनी सभेत येणाऱ्या चहाच्या ट्रेकडं पाहिलं.

"मग यांचा चहा होईतोवर आणखी दोन-चार बदल कर की."