नवसाचा नारू

नारू व्हावा म्हणून देवाला नवस बोललेला माणूस अख्ख्या मुंबईत एकच होता, आणि देव काही त्याला पावत नव्हता. गिरगावातल्या खोलीत हेरंब रोज सकाळी खिडकीपाशी बसे, धोतर गुडघ्यापर्यंत वर घेई आणि दोन्ही पाय चाचपून बघे. फोड नाही, सूज नाही, साधी खाजसुद्धा नाही. वर्षाने निघायचा तो नारू तेरावा महिना लागला तरी निघेना. लोक नारू झाला की रडतात. हा मात्र तो होत नाही म्हणून रडकुंडीला आला होता.

हेरंब परळच्या एका दवाखान्यात मदतनीस डॉक्टर होता. साताऱ्याकडच्या कोरड्या माणदेशातून गिरण्यांत माणसं येत, आणि कित्येकांच्या पायातून दोऱ्यासारखा पांढरा, हातभर लांब किडा बाहेर पडे. तो अंगात शिरतो कुठून? दवाखान्यातले मोठे डॉक्टर म्हणत, पायातून. तिकडे गावाला एकच पायऱ्यांची विहीर. लोक आत उतरून पाणी भरतात, तेव्हा कातडीतून घुसतो. हेरंब म्हणे, तोंडातून. विहिरीच्या पाण्यातले तिळाहूनही बारीक किडे त्याने भिंगाखाली पाहिले होते, आणि त्यांच्या पोटात वेटोळं घालून बसलेली नारूची पिल्लंही. पण मोठे डॉक्टर नुसत्या मताला भीक घालणारे नव्हते. मग हेरंबाने स्वतःचं पोटच पणाला लावलं. लालबागचा लहू नावाचा गिरणीकामगार चैत्रात जत्रेला गावी निघाला, त्याच्याबरोबर हाही गेला. आठ दिवस राहिला. विहिरीच्या एका पायरीलाही पाय लावला नाही, आणि पाणी मात्र लहूच्या घरचंच प्यायला, तांबेच्या तांबे.

ब्राह्मणाचा मुलगा कुणब्याच्या घरचं पाणी पिऊन आला हे कळल्यावर आई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भटजी बोलावले आणि पंचगव्य पाजलं. हेरंबाने ते हसत हसत घेतलं. वर्षाने नारू निघणार होता ना!

नारू निघाला, पण विहिरीत उतरणाऱ्या लहूला. हेरंबाचे पाय लोण्यासारखे साफ. तेलही गेलं, तूपही गेलं, अशातली गत.

त्या दिवशी दुपारी तो लालबागेत लहूच्या खोलीत बसला होता. खिशात मोठ्या डॉक्टरांना द्यायचं पत्र होतं, तारीख बारा मे अठराशे चौऱ्याण्णव. लहूच्या घोट्याजवळून निघालेला किडा तो काडीला गुंडाळत होता. रोज बोटभर, त्याहून जास्त नाही. तुटला तर पाय सडायचा. दोन महिने झाले, लहू गिरणीत गेला नव्हता. त्याची बायको शेवंता त्याचं करायला गावाहून आली होती, ती चुलीपाशी भाकरी थापत होती.

"लहू, मी हरलो रे," हेरंब म्हणाला. "उद्या मोठ्या डॉक्टरांना लिहून देतोय. मग वरून तुमच्या तालुक्याला हुकूम जाईल, विहिरीत उतरू नका, पाणी खुशाल प्या."

चुलीपाशी भाकरीचा आवाज थांबला. शेवंता डोक्यावरचा पदर सारखा करत पुढे आली आणि तिने एकदम हेरंबासमोर जमिनीला डोकं टेकवलं.

"डाक्टरसाहेब, म्या तुमास्नी फसवलं."

"म्हणजे?"

"बामनाला आमच्या रांजनातलं पानी कसं द्यावं? माजा हातच हुईना. मंग नव्या धोतराचा तुकडा फाडला, त्याची चौघडी केली, नि तुमचं पानी त्यातनं गाळलं. आठी दिस, तुमच्या चोरून. पाप लागू नगं म्हनून."

हेरंबाने विचारलं, "आणि घरचे काय पीत होते?"

"त्येच पानी की. तांब्या बुडवायचा नि प्यायचं. आमाला कोन गाळून देतंय?"

"लहूशिवाय घरात आणखी कुणाला निघाला?"

"मामंजींस्नी. आवंदाच, गुडघ्याखाली."

"तेही विहिरीत उतरले असतील."

"त्ये कशाचं उतरत्यात?" लहू मध्येच बोलला. "बा तीन वर्सं खाटंवर हाय. इहिरीचं त्वांड न्हाई बघितलं त्यानं."

हेरंबाने काडी जपून लहूच्या पायाला बांधली. मग त्याने मनात हिशेब मांडला. रांजण एकच. खाटेवरच्या म्हाताऱ्याला नारू झाला, आणि ज्याने मुद्दाम मागून घेतला त्याला झाला नाही. मधे होती ती कापडाची एक चौघडी! तो रोगाची वाट शोधायला गेला होता, आणि ह्या बाईने ती वाट वर्षापूर्वीच बुजवून ठेवली होती. त्याला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. त्याने खिशातलं पत्र काढलं, उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर शेवंताचं बोलणं शब्दन्शब्द उतरवून घेतलं.

साहेब रडतो आहे, लिहितो आहे, म्हणजे आता पोलीसच येणार, असं शेवंताला वाटलं. तिने पुन्हा हात जोडले.

"साहेब, एक डाव माफी करा. पुन्यांदा आलासा तर तुमास्नीबी आमच्यागतच पाजीन."

"नको, नको!" हेरंब डोळे पुसत, हसत म्हणाला. "शेवंताबाई, तुम्ही गावी जा, आणि अख्ख्या गावाला बामण समजून पाणी पाजा."