दहा दिवसांची साखळी

श्रुतीने साखळीचा आकडा काढला आणि पटकन बाजूला झाली. टिप्या हलला नाही. दहा दिवस फणसाच्या बुंध्याशी बांधलेलं आठ महिन्यांचं कुत्रं. आपण सुटलो हे त्याच्या लक्षातच आलं नाही.

"जा," ती म्हणाली. "सुटलास."

ओटीवर तिची सासू, जाईबाई, तीन वर्षांच्या आरोहीला कडेवर घट्ट धरून उभी होती. पोर आईकडे झेपावत होती. जाईबाईचं लक्ष टिप्याकडे होतं, आणि तितकंच सुनेकडेही.

टिप्याने श्रुतीच्या पोटरीला दात लावले होते. खेळता खेळताच, पण रक्त आलं. दवाखान्यात सुया सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, कुत्र्याला दहा दिवस बांधा, नजरेखाली ठेवा. जाईबाईने ते सुनेलाही लावलं. श्रुतीचं ताट वेगळं झालं, तांब्या वेगळा झाला, आरोहीचं अंथरूण आजीजवळ गेलं. पिसाळलेलं कोणीही पाण्याला भितं, एवढं जाईबाईला पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे रोज सकाळी ती आधी टिप्यापुढे वाडगा सरकवायची, मग सुनेपुढे तांब्या ठेवायची आणि घोट घशाखाली उतरेपर्यंत दारात उभी राहायची. टिप्या लपलप प्यायचा. श्रुतीही प्यायची, तहान असो वा नसो. मुंबईहून महेंद्रचा फोन आला की जाईबाई लेकाला सांगायची, "दोघांपण पितात."

आज दहावा दिवस मावळत होता. कुत्रं नीट निघालं तर पोर आजपासून तुझ्या कुशीत, हे जाईबाईनेच कबूल केलं होतं.

टिप्याने मान झटकली. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. मग त्याच्या अंगात काय शिरलं कोण जाणे. कान मागे, शेपटी पोटाखाली, आणि तो उधळला. घरापुढच्या, सकाळीच सारवलेल्या खळ्याला एक फेरी, दुसरी फेरी, लाकडांच्या ढिगाला वळसा, पुन्हा खळं. वळताना मागचे पाय घसरायचे, तो आडवा व्हायचा, उठायचा आणि परत सुसाट. वाळत घातलेले कुळीथ चौफेर उडाले. त्याच्या डोळ्यांतलं पांढरं तेवढं दिसत होतं.

दगडी गडग्यापलीकडून शेजारचा सदू चिव्याच्या बांबूची जाड काठी घेऊन धावत आला.

"काकी, पोराक घेऊन आत जा. ह्याचा काय खरा नाय. शेपटी बघा कशी आत घातलीन."

"खेळतोय तो, सदूभावजी."

"असा खेळतात काय? पाणी ठेव त्याच्यापुढं. प्याला तर मी आलो तसा जाईन."

श्रुतीने वाडगा भरून खळ्याच्या मधोमध ठेवला. टिप्या आला तसा वाडग्यावरून उडी मारून गेला. पुढच्या फेरीला पाय लागून वाडगा कलंडला, पाणी शेणावर पसरलं, आणि भांड्याच्या आवाजाने दचकून तो दुप्पट वेगाने सुटला.

"पाणी बघून पळाला," सदू हळूच म्हणाला.

जाईबाईने आरोहीचं तोंड खांद्यात दाबलं. "तू बघू नको गो."

सदूने काठी उचलली. टिप्या मेला तर तो पिसाळलेला नव्हता हे कोण पटवून देणार? मग तो वेगळा तांब्या आणखी किती दिवस? वर्षभर? लेक तिला दुरून बघत मोठी होणार?

तिने ओढणी कमरेला आवळली आणि ती पळाली. सरळ टिप्याच्या फेरीत घुसली, त्याच्या आणि काठीच्या मधे. दुखरी पोटरी ओढली जात होती, पण ती थांबली नाही. सोबत मिळाल्यावर टिप्याला आणखीच चेव आला. तो पुढे, ती मागे. मग ती पुढे, तो मागे. सदूची काठी दोघांबरोबर गोल फिरत राहिली, पण नेम धरायला जागा सापडेना. आजीच्या खांद्यावरून मान काढून आरोही खिदळली.

"काकी, हिका पण..." सदू म्हणाला आणि एक पाऊल मागे सरला. जाईबाईचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

उधळला तसाच टिप्या एकाएकी थांबला. चारही पाय पसरून ओल्या शेणावर पडला. जीभ लोंबत होती. थोड्या वेळाने सरपटत कलंडलेल्या वाडग्यापाशी गेला आणि तळाशी उरलेलं पाणी लपलप पिऊ लागला.

सदूने काठी टेकली. "मी म्हटलाच, प्यायल तो," असं म्हणून तो गडग्याकडे वळला.

श्रुती गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती. जाईबाई आत गेली, वेगळा ठेवलेला तो तांब्या भरून घेऊन आली आणि सुनेपुढे धरून रोजच्यासारखी उभी राहिली.

श्रुतीने हात पुढे केला नाही.

"आई, तहान लागली असेल म्हणून देताय, की बघायला?"

जाईबाईने नजर तांब्याकडे वळवली. श्रुतीने मग तांब्या घेतला, तोंडाला लावला आणि घटाघट अर्धा रिकामा केला. हनुवटीवरून पाणी गळ्यात उतरलं. उरलेला तांब्या तिने सासूपुढे धरला.

या घरात पाणी वरून पितात. जाईबाईने आरोहीला खाली सोडलं, दोन्ही हातांनी तांब्या घेतला आणि सुनेचे ओठ लागले होते तिथेच ओठ लावले.

लेकीला उचलून घेऊन श्रुती तिच्यासमोर उभी राहिली, शेवटचा घोट घशाखाली उतरेपर्यंत.