सरळ केलेली दांडी

परदेशात फिरायला गेलेल्या बाईंना पन्नाशीत मोटरसायकल शिकायची हौस आली आणि तिथल्या घरमालक आजोबांनी आपली गाडी आनंदानं काढून दिली. तिसऱ्या दिवशी आजोबा चहा टाकायला आत गेले, तेवढ्यात बाई अंगणात गाडीसकट आडव्या. ब्रेकची दांडी वाकली. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणत त्यांनी ती पान्यानं रेटून सरळ केली आणि आजोबांना म्हणाल्या, "मस्त चालली की!" दुसऱ्या दिवशी आजोबा उजवा हात प्लास्टरमध्ये घेऊन आले. खिशातली तुटकी दांडी त्यांनी टेबलावर ठेवली. "उतारावर ऐन वेळी तुटली. पण बरं झालं पोरी, माझ्या हातात तुटली. तुझ्या हातात तुटली असती तर तुझ्या घरच्यांना मी काय तोंड दाखवलं असतं?" बाईंना मान वर करवेना. आजोबांनी डाव्या हातानं, सांडत सांडत, बाईंचा चहा पुढे सरकवला.