टोकाचं रिकामं घर

"बाई नाही म्हणाल्या तं काय कराल?" सिंधूताईने नवऱ्याला विचारलं.

"नाही काहून म्हणतीन वं? त्यायच्याच नवऱ्याचं स्मारक आहे," आनंदराव म्हणाले. पण हातातला हार ते उगीच सारखा करत राहिले.

हुडकेश्वरच्या वाटेवरची ही वसाहत कृष्णकांत साहेबांनी बांधली, तेव्हा इतवारीच्या बाजारात हातगाड्या ओढणारी इथली माणसं त्यांच्यावर काय कमी चिडली होती! सगळं जग स्लॅब टाकतंय आणि आमच्या डोक्यावर मातीची कवेलू? पश्चिमेला एकही खिडकी नाही, भिंती हातभर जाड. छपराचं पाणी थेट सामाईक विहिरीकडे नेलेलं. आणि घरांच्या आधी कडुनिंब लावत बसलेला इंजिनियर कोणी पाहिला होता का?

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आजूबाजूच्या विहिरी आटल्या, यांची आटली नाही. आनंदरावांची म्हातारी आई जुन्या वस्तीत टिनाखाली उन्हाळाभर तळमळायची. तिचे शेवटचे उन्हाळे इथे शांत झोपेत गेले. साहेबांचं नाव निघालं की आनंदराव हात जोडायचे, ते काही उगीच नाही.

साहेब गेल्या दिवाळीत गेले. टोकाचं एक घर नुकतंच रिकामं झालं होतं. ते कोणालाच द्यायचं नाही, असं सोसायटीने ठरवलं. तिथे साहेबांचा फोटो लावायचा, नकाशे मांडायचे आणि वर्षातून एकदा दार उघडायचं. आनंदरावांनी त्यासाठी घरोघरी हिंडून सगळ्यांना राजी केलं होतं. आता अडलं होतं ते फक्त साहेबांच्या पत्नीच्या, अरुंधतीबाईंच्या होकारावर.

बाई सायकलरिक्षातून एकट्याच आल्या. हार त्यांनी घालून घेतला नाही. "आधी घर पाहू," म्हणाल्या.

सगळे त्यांच्या मागोमाग गेले. बाईंनी भिंतीला तळहात लावला आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

"दुपारी तापतं का हो?"

"नाही जी. मे महिन्यात बी पंखा लागत नाही."

बाईंनी खिडकी उघडून पाहिली, लावून पाहिली. चुलीजवळ उभ्या राहून वरचं धुराडं पाहिलं.

"शेजारी कोण राहतं?"

"आम्हीच," सिंधूताई म्हणाली.

"इथून हाक मारली तर तुम्हाला ऐकू येते?"

"येते ना बाई! साहेबांनी बांधलंच तसं. एका घरी भांडं पडलं की चार घरं धावतात."

"नवऱ्याचं काम तपासून राहिल्या," आनंदराव बायकोच्या कानात पुटपुटले. सिंधूताईने पदराने डोळे पुसले. किती जीव असेल बाईचा साहेबांवर, असं तिला वाटून गेलं.

आनंदरावांनी हात जोडले. "बाई, त्यायनं आम्हाले घर दिलं. आता हे घर त्यायचं. तुम्ही फक्त हो म्हणा जी."

अरुंधतीबाईंनी दार थोडं लोटून घेतलं. बाहेर मंडळी टाळ्या वाजवायला हात सरसावून उभी होती.

"आनंदराव, फोटो तर कुठेही लावता येईल," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "आमच्या घरमालकांनी मला महिनाअखेरीस खोली सोडायला सांगितलं आहे. हे घर मला भाड्याने द्याल का?"