दोऱ्याचं टोक

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये, जीन्सच्या कारखान्यात शीला बारा वर्षं खिसे शिवत होती. आपल्या कीर्तीने या मशीनवर बसू नये, इंजिनियर व्हावं, एवढंच तिचं मागणं. मुलांना इंजिनियरिंगची गोडी लावायला एका कंपनीने शाळेत माणसासारखा रोबो आणला, तेव्हा म्हणूनच लेकीपेक्षा आईच जास्त हरखली.

"आई, कंपनीवाले म्हणाले, घरच्यांचं काम त्याला करून दाखवा. मी शाळेतल्या शिवणयंत्रावर खिसा शिकवला! डिट्टो तुझ्यासारखा. ओवायच्या आधी तू दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं करतेस ना, तेसुद्धा!"

"अगं वेडे, त्याला तोंड तरी आहे का?"

"नाही ना! तरी करतो."

दोघी पोट धरून हसल्या. रोबोला सगळ्यांत छान शिकवल्याबद्दल कीर्तीला पहिलं बक्षीस मिळालं. शीलाने कारखान्यात पेढे वाटले. कारखान्याचा मालक लच्छूशेठ, त्याने पेढा तोंडात टाकत कंपनीचं नाव तेवढं विचारून घेतलं.

दिवाळीची सुट्टी संपवून ती कामावर आली, तर तिच्या मशीनभोवती ही गर्दी.

"आओ शीलाबाई, देखो, नया कारीगर!" शेठ खुशीत होता. "कुछ सिखाना नहीं पडा. सब सीखके आया है."



तिच्या स्टुलावर बसलेल्याने दोरा उचलला आणि ओवायच्या आधी, जिथे तोंड असायला हवं होतं, तिथे अलगद टेकवला.